पाच घरचा शिरा

"काका, पाच आहेत," डॉ. शिकलगार म्हणाले.

दवाखान्याच्या आतल्या खोलीचं दार अर्धं उघडून ते उभे होते. हातमोजे घातलेले हात कशाला लागू नयेत म्हणून वर धरलेले. मी बाहेरच्या बाकावर बसून गिऱ्हाइकांना मोबाइलवर 'उद्या नक्की' असे निरोप धाडत होतो. नवरात्र चालू होतं, आणि त्या दिवसांत शिंप्याच्या 'उद्या नक्की'ला काही अर्थ नसतो, हे मलाही ठाऊक होतं आणि गिऱ्हाइकांनाही.

"पाच काय?" मी विचारलं.

"पिल्लं. चाळीसेक दिवसांची असतील. तुम्ही तर म्हणाला होतात, गाभण नाही."

मी उठून उभा राहिलो. दारातून औषधाचा वास येत होता आणि टेबलाच्या कडेला चिंधीची शेपटी लोंबत होती. मी म्हटलं, मग आता काय. डॉक्टर म्हणाले, पोट उघडलंय. त्यानंतर आम्ही आणखी दोन मिनिटं बोललो. मग ते आत गेले, दार लावून घेतलं आणि मी पुन्हा बाकावर बसलो. पाऊण तासानं चिंधीला बाहेर आणलं, तेव्हा ती सकाळपेक्षा पुष्कळ बारीक दिसत होती.

मी कराडात लेडीज टेलर आहे. ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. त्या वेळी माझा एक मोठा तोरा होता. बाई दुकानाची पायरी चढेपर्यंत मला तिचं माप कळायचं. टेप मी फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावायचो. ब्लाउजच्या मापावरून कुणाला दिवस गेलेत हे तिच्या घरच्यांच्या आधी मी ओळखलेलं आहे, आणि न बोलता शिलाईत दोन्ही बाजूंना बोटभर कापड जास्त सोडून दिलेलं आहे. माझ्या मुलीचं, रोहिणीचंही मी असंच ओळखलं. आषाढात माहेरी आली होती तेव्हा उंबऱ्यात तिला बघून मी बायकोला म्हटलं, शालन, आपण आजोबा-आजी होणार. शालन म्हणाली, तुमचे डोळे आहेत का टेप. हे मी वर्षभर गल्लीत सांगत सुटलो असतो. पण तशी वेळ आली नाही.

चिंधी ही आमची कुत्री. त्याच्या दोन वर्षं आधी ती एवढीशी असताना दुकानात शिरली आणि कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांचा ढीग असतो त्यात जाऊन झोपली. म्हणून चिंधी. जीव शालनचा तिच्यावर. मी आपला जाता-येता तिला पायानं बाजूला सारणारा माणूस, तरी दिवसभर ती बसायची माझ्याच मशीनपाशी.

रोहिणीला सातवा लागला होता. सासरी, पुण्याला, डोहाळजेवण व्हायचं होतं आणि दसऱ्यानंतर ती बाळंतपणाला आमच्याकडे यायची होती. पहिलं बाळंतपण, घर दोन खोल्यांचं आणि पुढं दुकान. मी ठरवून टाकलं की बाळ घरात यायच्या आधी चिंधीचं ऑपरेशन उरकायचं. उद्या ही बाई टेबलाखाली व्यायली, पिल्लांपाशी कुणाला फिरकू देईना, तर तान्हं बाळ कुठं ठेवायचं? शालन म्हणायची, दिवाळी होऊ दे, मग बघू. आमचे घट थोरल्या भावाकडे बसतात, त्यामुळं ती दुसऱ्या माळेला मोकळी झाली आणि पुण्याला गेली. जाताना म्हणाली, चिंधीला आता दोन वेळा पोटभर घालत जा. मी हो म्हटलं आणि तिसऱ्या माळेला चिंधीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, काका, जड वाटतंय, मधे कुठं बाहेर गेली होती का? मी म्हटलं, छे, गल्लीबाहेर जात नाही. ते म्हणाले, माझ्याकडचं सोनोग्राफीचं मशीन दुरुस्तीला गेलंय, सोमवारी येईल, तोवर थांबू. मी हसलो. म्हटलं, डॉक्टर, हे पितरांचं पोट आहे.

हे मी खरंच मानत होतो. आमच्या गल्लीत तीस-बत्तीस घरं. पितृपंधरवड्यात रोज कुणाचं ना कुणाचं श्राद्ध, रोज खीर आणि वडे. कावळ्याचं पान गच्चीवर, कुत्र्याचं पान दारात. आणि गाईचं पान? गल्लीतली शेवटची गाय विकली गेल्याला सहा वर्षं झाली होती, तेव्हा गाईचा वाटाही चिंधीच खायची. पंधरा दिवस तिनं बत्तीस घरांचे वाडवडील जेवू घातले म्हणायचे. दर वर्षी त्या पंधरवड्यात ती फुगते आणि दिवाळीपर्यंत उतरते. मी डॉक्टरांना म्हटलं, मी शिंपी आहे, माप मला सांगू नका. सोमवारनंतर मला वेळ नाही, आजच उरका.

गोकुळाष्टमीला दहीहंडीच्या डीजेला घाबरून ती दीड दिवस बेपत्ता होती, हे मला आठवलं ते परतताना रिक्षात. भुलीतून पुरती न उठलेली चिंधी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. एकदा तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि माझा अंगठा चाटला. त्या क्षणी ती मला चावली असती तर फार बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

शालनचा दुपारी फोन आला. मी सगळं सांगितलं: ब्लाउज किती झाले, दूधवाला आला नाही, भावाकडचे घट कसे उगवलेत. चिंधी कशी आहे, तिनं विचारलं. मी म्हटलं, बरी आहे, झोपलीय.

दोन दिवस ती पडूनच होती. ते दोन दिवस मला सोपे गेले. औषध द्यायचं, पाणी पाजायचं, टाके बघायचे, हातांना काम होतं. चौथ्या दिवशी सकाळी ती उठली आणि मला दिसलं की तिच्या आचळांना दूध आलंय.

मी दुकान उघडं टाकून दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, असं होतं काका. शरीराला वाटतं, पिल्लं झाली. आठ-दहा दिवसांत आटेल, तुम्ही पिळू नका, हात लावू नका. मी विचारलं, आणि तिला काय वाटतं? त्यांना माझा प्रश्न आधी कळला नाही. मग म्हणाले, ते तिला विचारायला हवं.

परत आलो तर चिंधी कामाला लागली होती. साडीचा फॉल लावायच्या आधी आम्ही तो भिजवतो, वाळवतो आणि त्याची गुंडाळी करून ठेवतो, म्हणजे नंतर आटत नाही. हे काम शालनचं. पुण्याला जायच्या आधी तिनं टोपलीभर गुंडाळ्या करून ठेवल्या होत्या. चिंधी त्यातली एकेक तोंडात धरून टेबलाखाली नेत होती. दात लागू न देता, हळू. चिंध्यांत तिनं खळगा केला होता आणि त्यात एक तांबडी, एक पोपटी आणि एक मोरपंखी गुंडाळी ओळीनं ठेवली होती. ती त्यांच्याभोवती अंगाचं वेटोळं करून बसली आणि त्यांना चाटायला लागली. मधूनच बारीक कुईं असा आवाज काढायची आणि कान टवकारून थांबायची.

संध्याकाळपर्यंत गुंडाळ्या पाच झाल्या. मी स्टुलावर बसून त्या पाच गुंडाळ्यांकडे बघत राहिलो. तिला कसं कळलं असेल, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सहावी नेली, मग सातवी. तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी एकटाच हसलो. तिला मोजता येत नव्हतं. मोजत मी होतो.

मशीनवर बसणं अशक्य झालं. माझी पायमशीन. मी पायडलवर पाय ठेवला की ती टेबलाखालून एक गुंडाळी घेऊन यायची आणि माझ्या पावलावर ठेवायची. मग माझ्याकडे बघत बसायची. कुणाच्या तरी भरवशावर ठेवून घटकाभर मोकळं व्हावं, तसं. दुसऱ्या कुणाला ती टेबलाजवळ येऊ देत नव्हती, गुरगुरायची. माझ्या पावलावर मात्र खुशाल आणून ठेवायची. पायडल हलवलं तर गुंडाळी खाली पडेल, चाकात अडकेल, म्हणून मी पाय तसाच धरून बसायचो. नवरात्रात शिंपी मशीनवर पाय न हलवता बसलाय हे कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

गिऱ्हाइकं बोलून जायला लागली. आज निळ्या साडीचा दिवस आणि माझं निळं ब्लाउज कुठाय, एक बाई विचारत होत्या. मी त्यांचं निळं ब्लाउज कापलंसुद्धा नव्हतं. सकाळी कृष्णा-कोयनेच्या संगमाकडे फिरायला निघायचो आणि अर्ध्या वाटेतून परत यायचो. जेवायला बसायचो आणि ताट सरकवून उठायचो. रोहिणीला मात्र दिवसातून तीन-तीन फोन करायचो. पोटात दुखत नाही ना, बाळ हलतंय ना, जिना चढू नकोस. शेवटी ती वैतागली. म्हणाली, अण्णा, माझी डॉक्टर बाई इतकं विचारत नाही, तुम्हाला झालंय काय?

काय झालं होतं ते मी तिला सांगू शकत नव्हतो. एका पोटाची सोय करायला मी दुसरं पोट रिकामं केलं होतं, आणि याचा हिशेब कुठून तरी मागितला जाईल अशी भीती माझ्या मनात बसली होती. रोहिणीला पौषात मुलगी झाली, दोघी सुखरूप, हे आत्ताच सांगून टाकतो. त्या भीतीवर मला ही गोष्ट टांगून ठेवायची नाही. पण ते दिवस मी तशाच भीतीत काढले.

आठव्या माळेला दुपारी समोरच्या हौसाआक्का आल्या. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंतीला हात लावत चालायच्या. हातात पितळी वाडगं, वर झाकण. आमच्याकडे पूर्वी गल्लीत कुत्री व्यायली की तिला शिरा करून घालायचे. एका घरचं घालायचं नाही; पाच घरी जाऊन पीठ, गूळ आणि तेल मागून आणायचं. आता कुणी करत नाही. आक्का करायच्या.

"चिंधीला शिरा आणलाय," त्या म्हणाल्या. "पाच घरचा हाय. गरम हाय तवर घाल."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं. मी आपण होऊन म्हणालो, "पिल्लं आत आहेत आक्का. ती कुणाला जवळ येऊ देत नाही."

आक्का जरा वेळ माझ्या दिशेनं तोंड करून उभ्या राहिल्या. मग "असूं दे," म्हणाल्या आणि भिंत धरत परत गेल्या.

चिंधीनं शिरा चाटूनपुसून खाल्ला. संध्याकाळपासून गल्लीतली माणसं पिल्लं बघायला डोकावायला लागली. किती झाली, रंग कसा, एक आमच्यासाठी ठेवा. मी टेबलापुढं जुनी साडी टांगली आणि सगळ्यांना सांगितलं, डोळे उघडेपर्यंत दाखवायची नसतात. माणूस एकदा खोटं बोलला की त्याला किती सुचतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शालन रोहिणीला घेऊन आली. मी स्टँडवर गेलो होतो. वाटेत सांगायचं ठरवलं होतं; रिक्षात डोहाळजेवणाच्या गोष्टी निघाल्या आणि राहून गेलं. दुकानात पाऊल टाकताच चिंधी साडीमागून बाहेर आली. शालनच्या अंगावर उड्या मारायच्या ऐवजी ती रोहिणीकडे गेली, तिचे पाय हुंगले, परत टेबलाखाली गेली आणि तांबडी गुंडाळी आणून रोहिणीच्या पायाशी ठेवली.

रोहिणी खुर्चीत टेकली होती. तिनं वाकून गुंडाळी उचलली. "आई, हिला दूध आलंय," ती म्हणाली. "पिल्लं कुठायत?"

शालननं टांगलेली साडी बाजूला केली. सात गुंडाळ्या बघितल्या. मग चिंधीला जवळ ओढून पोट बघितलं, टाके बघितले.

"होती ना पोटात?" तिनं विचारलं.

"होती," मी म्हटलं. "डॉक्टरांना पोट उघडल्यावर कळलं."

ती खालीच बसली. चिंधीच्या कानामागं खाजवत राहिली. मग म्हणाली, "चूक माझी. मला संशय आला होता. म्हणून तर जाताना म्हटलं, दोन वेळा घाला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आकांडतांडव केलं असतं, म्हणून म्हटलं, पोरगी घरी आली की तिच्यादेखत सांगू. सांगायला हवं होतं. तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं."

ती रडायला लागली. आणि मला खरं सांगायचं तर त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. आठ दिवस जे ओझं घेऊन मी फिरत होतो ते शालननं न मागता उचललं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यालो, परत आलो. कात्री उचलली, खाली ठेवली. परत आत गेलो. शालन चिंधीला सांगत होती, चुकले गं बाई, चुकले. ते मला आतपर्यंत ऐकू येत होतं.

सुरुवातीला मी म्हटलं की दवाखान्याच्या दारात डॉक्टर आणि मी आणखी दोन मिनिटं बोललो. काय बोललो ते मी तिथं गाळलं. डॉक्टर म्हणाले होते, "काका, अजून आतलं काही कापलेलं नाही. पोट परत शिवून टाकू का? वीस-बावीस दिवसांत व्यायेल. तगतील बहुतेक." मी विचारलं, वीस-बावीस दिवसांत म्हणजे दिवाळीच्या तोंडावर? ते म्हणाले, हो. मी रोहिणीचा महिना मोजला, घरातली जागा मोजली, आणि म्हटलं, नको. करून टाका. डॉक्टरांनी विचारलं, नक्की? आणि गिऱ्हाइकांना लिहिता लिहिता तोंडात बसलेला तोच शब्द मी त्यांना परत दिला. नक्की.

मी दुकानात येऊन शालनसमोर उभा राहिलो.

"मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "डॉक्टरनं बाहेर येऊन विचारलं होतं. परत शिवू का म्हणाला होता. मी नको म्हटलं."

शालनचा हात चिंधीच्या कानामागं थांबला. तिनं वर बघितलं नाही. रोहिणी खुर्चीत बसली होती, एका हातात ती तांबडी गुंडाळी, दुसरा हात पोटावर.

"माझ्यासाठी?" तिनं विचारलं.

 हो म्हटलं असतं तर तिच्या माथी मारल्यासारखं झालं असतं आणि नाही म्हटलं असतं तर ते आणखी एक खोटं. तिनं गुंडाळी हळूच चिंधीपुढं ठेवली, उठली आणि भिंतीला धरून आतल्या खोलीत गेली.

मग शालनला टेबलाखालचं पितळी वाडगं दिसलं. हे कुणाचं, तिनं विचारलं. मी शिऱ्याचं सांगितलं, पिल्लं आत आहेत म्हणालो तेही सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि उठली.

"पाच घरी जाऊन या," ती म्हणाली. "ज्यांनी पीठ-गूळ दिलाय त्यांना सांगून या. लोक पिल्लं बघायला येतील आणि माझी पोरगी घरात बसून ते ऐकेल, असं मला चालायचं नाही."

मी वाडगं घासलं आणि निघालो. आक्का नेहमी कुठल्या घरी मागतात ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुंभारवहिनी दारात रांगोळी पुसत होत्या. मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, अहो मग डॉक्टरचं चुकलं ना. मी म्हटलं, नाही, माझं. त्या मला चहा घ्या म्हणाल्या. मी थांबलो नाही. बागवानांच्या सुनेनं ऐकून घेतलं आणि तिच्या लेकीला म्हणाली, जा, आत जा. गुरव मास्तरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, टेलर, कुत्र्यांची इतकी पैदास झालीय, तुम्ही चांगलंच काम केलंत. मी मान डोलावली. ते कदाचित बरोबरही असतील, पण मला ते उपयोगी पडत नव्हतं. चौथ्या घरच्या वैशाली पतंगेनं एक पिल्लू मागून ठेवलं होतं. तिनं ऐकलं आणि दार लावून घेतलं, जोरात नाही, पण लावलं.

पाचवं घर आक्कांचं स्वतःचं. दिवेलागणीची वेळ होती. त्या उंबऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या.

"कोण, दिगू?"

"मीच. वाडगं आणलंय." मी त्यांच्या हाताजवळ वाडगं ठेवलं. "आक्का, चिंधीला पिल्लं झालेली नाहीत. मी खोटं बोललो."

"ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? डोळं गेलं म्हणून कान बी गेलं व्हय? पिलं असली की गलका आसतोय. तुझ्या दुकानातनं एकटीचाच आवाज येत हुता. दोन-तीन दीस आयकत हुते मी."

मला काही उमजेना. "मग शिरा कशाला केलात?"

"शिरा काय पिलास्नी घालत्यात व्हय रं? पिलं दूध पित्यात. शिरा आईला आसतोय." त्यांनी वाडगं चाचपून मांडीवर घेतलं. "पोट रिकामं झालं, अंगाला दूध आलं. बाळंतीणच की ती. पिलं हायत का गेली, ते बघून कोण घालतं?"

मी त्यांच्या पायरीवर बसलो. आठ दिवसांत पहिल्यांदा माझे पाय दुखतायत हे मला कळलं. मग मी त्यांना उरलेलंही सांगितलं. डॉक्टरनं विचारलं होतं आणि मी नको म्हटलं, पोरीसाठी म्हटलं असं मनाला समजावलं, पण खरं म्हणजे मला दुकानात कटकट नको होती. हे शेवटचं मी शालनलाही सांगितलं नव्हतं. ते बोलताना मलाच पहिल्यांदा ऐकू आलं.

आक्कांनी वाडग्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ते तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. "त्यात मी काय बोलू? पर बाळंतिणीला एक दीस घालून भागत न्हाय. दहा दीस तरी घालाय लागतं. मी एक दीस केलं. म्होरलं कोण करणार?"

आणि त्यांनी ते वाडगं माझ्याकडे सरकवलं.

मी परत त्याच घरांची दारं वाजवली. या वेळी पीठ, गूळ आणि तेल मागितलं. सगळ्यांनी दिलं. वैशाली पतंगेनंही दिलं. दार पुरतं उघडलं नाही, फटीतून हात बाहेर काढून गुळाचा खडा वाडग्यात टाकला.

स्वयंपाकघरात शालन भाजी निवडत होती. तिनं वाडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भाजीचं ताट उचलून बाहेर दुकानात जाऊन बसली. मी कढई काढली. पन्नाशी उलटली होती आणि चहापलीकडे मी कधी काही केलं नव्हतं. मी कढईत पाणी ओतलं आणि त्यात गूळ टाकायला लागलो.

"आधी पीठ भाजायचं, अण्णा," आतल्या खोलीतून आवाज आला.

रोहिणी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. वळली नाही. मी पाणी ओतून दिलं, कढई पुसली, तेल घातलं, पीठ घातलं. चिंधी वासानं आली. तिच्या तोंडात पोपटी गुंडाळी होती. ती माझ्या पावलावर ठेवून तिथंच खाली बसली.

"गॅस बारीक," रोहिणी म्हणाली.

मी बारीक केला. "किती वेळ?"

"खमंग वास सुटेपर्यंत. हलवत राहा. मधेच सोडून जाऊ नका, लागेल ते."

मी गेलो नाही. पावलावर गुंडाळी तशीच होती, म्हणून पाय न हलवता, एका जागी उभा राहून मी पीठ हलवत राहिलो.